एका वेळी एकाच्याच हाती: जावा वेब ॲप्लिकेशनमधील ऑब्जेक्ट पूल (प्रस्तावना)

गाळप हंगाम सुरू झाला की सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या साखर कारखान्यात उसाची वाहनं रात्रंदिवस काट्यावर येत राहतात. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, वजन होतं, मग तो गव्हाणीकडे जातो, रिकामा होऊन परत काट्यावर येतो आणि निव्वळ वजनाची पावती निघते. पावतीवर शेतकऱ्याचा कोड असतो, वजन असतं, तारीख आणि वेळ असते. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत कारखान्याने पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के दराने व्याज लागू होतं. म्हणजे बिल कोणत्या पंधरवड्यात धरायचं आणि व्याज कधीपासून मोजायचं, हे त्या पावतीवरच्या तारखेवर ठरतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने वजनाइतकीच ती मोलाची.

आता अशा नोंदी ठेवणारं एक वेब ॲप्लिकेशन डोळ्यांसमोर आणा. जावात लिहिलेलं, टॉमकॅटवर चालणारं. ते लिहिणाऱ्या प्रोग्रामरने तारीख छापण्यासाठी क्लासच्या सुरुवातीलाच एक सिंपलडेटफॉरमॅट ऑब्जेक्ट तयार केला, त्याला स्टॅटिक केलं आणि सगळीकडे तोच वापरला. दर वेळी नवा कशाला बनवायचा, असा त्याचा साधा हिशोब. रात्रीच्या पाळीत एका काट्यावर 14 डिसेंबरची पावती निघते आहे. त्याच क्षणी कार्यालयात कुणीतरी 2 नोव्हेंबरची जुनी पावती परत छापायला घेतली आहे. दोन कामं, दोन थ्रेड, फॉरमॅटर मात्र एकच. या फॉरमॅटरच्या पोटात एक कॅलेंडर असतं. तारीख छापायला सांगितली की तो ती आधी या कॅलेंडरमध्ये भरतो आणि मग त्यातून दिवस, महिना, वर्ष एकेक करून वाचतो. पहिल्या थ्रेडने 14 डिसेंबर भरला. तो वाचायला लागणार एवढ्यात दुसऱ्या थ्रेडने त्याच कॅलेंडरमध्ये 2 नोव्हेंबर भरला. पहिला थ्रेड वाचतो ते 2 नोव्हेंबर, आणि काट्यावरच्या पावतीवर तेच छापून येतं. नाव बरोबर, वजन बरोबर, तारीख दुसऱ्याची. एक्सेप्शन येत नाही, लॉगमध्ये ओळ पडत नाही, स्क्रीनवर काही लाल होत नाही.

या पुस्तिकेचा सगळा विषय या एका प्रसंगात आला आहे. एकच ऑब्जेक्ट अनेकांना लागतो, तो दर वेळी नव्याने बनवणं परवडत नाही किंवा परवडत नाही असं वाटतं, आणि तो एकाच वेळी दोघांच्या हाती गेला तर बिघडतो. अशा वेळी काय करायचं? त्यावरचं एक जुनं आणि आजही कामाचं उत्तर म्हणजे ऑब्जेक्ट पूल.

हा दोष चाचणीत सापडत नाही, हे नव्या प्रोग्रामरने फार लवकर समजून घ्यायला हवं. आपल्या लॅपटॉपवर आपण एकटेच बटण दाबत असतो. दुसरा थ्रेड नेमका त्या क्षणाला मध्ये घुसण्याची वेळच येत नाही. हंगाम भरात येतो, एकाच वेळी शेकडो लोक ॲप्लिकेशन वापरायला लागतात, तेव्हा हजारात एखादी पावती चुकते, आणि ती चूक माणसाच्या माथी मारली जाते. जावाच्या स्वतःच्या दस्तऐवजात कितीतरी वर्षांपासून स्पष्ट लिहिलेलं आहे की हे फॉरमॅटर थ्रेड-सेफ नाहीत, प्रत्येक थ्रेडसाठी वेगळा ठेवा. तरीही ही चूक आजही जिवंत आहे, कारण कोड दिसायला अगदी निर्दोष दिसतो.

जावाच्या वेब जगात ही चूक इतकी सहज का होते, त्याचं मूळ सर्व्हलेटच्या रचनेत आहे. सर्व्हर प्रत्येक सर्व्हलेटचा साधारणपणे एकच ऑब्जेक्ट बनवतो आणि येणारी प्रत्येक रिक्वेस्ट वेगळ्या थ्रेडवर त्याच ऑब्जेक्टकडे पाठवतो. टॉमकॅटमध्ये असे कामकरी थ्रेड मूळ सेटिंगनुसार जास्तीत जास्त 200 असतात. म्हणजे सर्व्हलेटमध्ये लिहिलेला एखादा इन्स्टन्स व्हेरिएबल एकाच वेळी 200 थ्रेडच्या समोर उघडा पडलेला असू शकतो. स्प्रिंगमधला कंट्रोलर किंवा सर्व्हिस क्लास घ्या, मूळ सेटिंगमध्ये तोही एकच असतो. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला क्लास लिहिताना डेटा फील्डमध्ये ठेवायचा हेच आपल्याला शिकवलेलं असतं. तीच सवय सर्व्हरवर घातक ठरते.

सर्व्हलेट घडवणाऱ्यांना हा धोका सुरुवातीपासून दिसत होता. त्यांनी सिंगलथ्रेडमॉडेल नावाचा एक इंटरफेस दिला. सर्व्हलेटवर तो लावला की एका ऑब्जेक्टमध्ये एका वेळी एकच थ्रेड शिरेल, अशी हमी सर्व्हर द्यायचा. त्यासाठी सर्व्हर एकतर रिक्वेस्टची रांग लावायचा, नाहीतर त्याच सर्व्हलेटचे अनेक ऑब्जेक्ट बनवून त्यांचा पूल ठेवायचा. म्हणजे थ्रेडच्या सुरक्षिततेसाठी पूल, हा विचार जावाच्या वेब स्पेसिफिकेशनमध्येच होता. पण तो फसला. सर्व्हलेटचे ऑब्जेक्ट वेगळे झाले तरी सेशनमधला डेटा आणि स्टॅटिक व्हेरिएबल सगळ्यांना सामाईकच राहिले, आणि लोकांना वाटत राहिलं की आता आपण सुरक्षित आहोत. 2003 मध्ये सर्व्हलेट 2.4 ने तो वापरू नका असं सांगितलं आणि 2022 च्या जकार्ता सर्व्हलेट 6.0 मधून तो काढूनच टाकला. हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे. पूल बांधला म्हणून सुरक्षितता मिळत नाही. ज्या वस्तूचा पूल बांधला तेवढीच सुरक्षित होते, तीही नियम पाळले तर.

म्हणून पुलाकडे वळण्याआधी बाकीचे मार्ग पाहायला हवेत. सगळ्यात साधा मार्ग म्हणजे ऑब्जेक्ट मेथडच्या आतच बनवायचा आणि तिथेच सोडून द्यायचा. जो कुणाला दाखवलाच नाही तो कुणी बिघडवू शकत नाही. पुष्कळ ठिकाणी एवढंच पुरतं, आणि लोक वेगाच्या भीतीने ते टाळतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे न बदलणारा ऑब्जेक्ट वापरणं. मार्च 2014 मध्ये आलेल्या जावा 8 ने डेटटाइमफॉरमॅटर दिला. त्यात बदलण्यासारखं काही नाही, त्यामुळे तो शंभर थ्रेडनी एकत्र वापरला तरी बिघडत नाही. काट्यावरच्या त्या पावतीचा खरा इलाज हाच आहे, तिथे पुलाची गरजच नाही. तिसरा मार्ग सिंक्रोनाइज्ड लिहून कुलूप लावण्याचा. काम बरोबर होतं, पण सगळे एका दारात उभे राहतात. चौथा मार्ग थ्रेडलोकलचा, म्हणजे प्रत्येक थ्रेडला स्वतःची प्रत द्यायची. हा मार्ग दिसतो तितका सोपा नाही. सर्व्हरचे थ्रेड रिक्वेस्ट संपल्यावर मरत नाहीत, ते पुढच्या रिक्वेस्टला वापरले जातात. थ्रेडलोकलमध्ये ठेवलेलं पुसायचं राहिलं तर आधीच्या वापरकर्त्याची माहिती पुढच्याच्या हाती लागते. ॲप्लिकेशन नव्याने चढवलं तरी जुने थ्रेड जुन्या क्लासना धरून बसतात आणि मेमरी गळत राहते. टॉमकॅट याबद्दल लॉगमध्ये इशारा देतो, आणि तो इशारा वाचणारे थोडे असतात.

हे सगळे मार्ग अपुरे पडतात तेव्हा पूल. ऑब्जेक्ट बनवायला महाग असेल, त्याची आतली स्थिती बदलत असेल आणि तो मोजक्याच संख्येत परवडत असेल, या तीनही गोष्टी एकत्र आल्या तर पूल शोभतो.

पलूस भागातल्या ज्या मुलांनी मशीन शॉपमध्ये काम पाहिलं आहे त्यांना पूल समजायला वेळ लागणार नाही, कारण टूलरूमची खिडकी त्यांनी पाहिलेली असते. मायक्रोमीटर महाग, म्हणून प्रत्येक कामगाराला वेगळा देत नाहीत. कामगार आपला बिल्ला देतो, टूलकीपर तो खुंटीला अडकवून मायक्रोमीटर देतो. परत आला की तो शून्य तपासून जागेवर ठेवतो आणि बिल्ला परत देतो. सगळे मायक्रोमीटर बाहेर गेले असतील तर खिडकीशी थांबावं लागतं. कुणी खिशात घालून घरी गेला तर एक कमी होतो, आणि असे चारपाच गेले की सगळं शॉप थांबतं. शून्य सरकलेला मायक्रोमीटर न तपासता पुढच्याला दिला तर त्याचे सगळे जॉब चुकतात आणि दोष त्याच्यावर येतो. पुलाचे झाडून सगळे नियम आणि सगळे रोग या खिडकीत दिसतात.

जावामध्ये हे काम करणारी सर्वांत परिचित लायब्ररी म्हणजे अपाचे कॉमन्स पूल. तिच्यातला फॅक्टरी इंटरफेस पाच कामं सांगतो: वस्तू बनवणं, देण्यापूर्वी जागी करणं, ठीक आहे का ते तपासणं, परत आल्यावर निजवणं आणि निकामी झाली की नष्ट करणं. वापरणाऱ्याला दोनच मेथड लागतात, बॉरोऑब्जेक्ट आणि रिटर्नऑब्जेक्ट. मूळ सेटिंगमध्ये पुलात जास्तीत जास्त 8 वस्तू असतात. त्या संपल्या तर मागणारा थ्रेड थांबतो, आणि किती वेळ थांबायचं याला मर्यादा नसते. ही शेवटची गोष्ट ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावण्याजोगी आहे. मर्यादा घातली नाही तर एक दिवस सगळे थ्रेड तिथे थांबलेले सापडतील आणि सर्व्हर जिवंत असूनही कुणाला उत्तर देणार नाही. देण्यापूर्वीची तपासणीसुद्धा मूळ सेटिंगमध्ये बंद असते, ती आपणच चालू करायची.

पुलामुळे थ्रेड-सुरक्षितता नेमकी कशी येते, यावर थोडं थांबूया, कारण बहुतेक ट्यूटोरियल इथे घाईने पुढे जातात. पुलातला ऑब्जेक्ट स्वतः सुधारत नाही. तो आधीइतकाच नाजूक राहतो. बदलतो तो ताबा. घेतल्यापासून परत देईपर्यंत तो एकाच थ्रेडच्या ताब्यात असतो, आणि त्या काळात त्याला कुलूप लावायची गरज नसते. पण ताबा एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे जाताना आणखी एक गोष्ट व्हावी लागते. पहिल्या थ्रेडने ऑब्जेक्टमध्ये जे बदल केले ते दुसऱ्याला दिसले पाहिजेत. प्रोसेसरच्या कॅशमुळे आणि कंपायलरने सूचनांचा क्रम बदलल्यामुळे ते आपोआप दिसतीलच असं नाही. जावाच्या 2004 च्या पाचव्या आवृत्तीत नवं मेमरी मॉडेल आलं आणि डग ली यांच्या पुढाकाराने तयार झालेलं जावा-युटिल-कॉन्करंट पॅकेज आलं. त्यातल्या ब्लॉकिंग क्यूची हमी अशी आहे: ऑब्जेक्ट रांगेत टाकण्यापूर्वी एका थ्रेडने केलेलं सगळं काम, तो रांगेतून काढणाऱ्या थ्रेडला पूर्ण दिसेल. म्हणून चांगला पूल अशा रांगेवर उभा असतो. साध्या ॲरेलिस्टवर स्वतःचा पूल लिहिणारे या हमीला मुकतात, आणि पूल असूनही त्यांचा डेटा बिघडतो.

ताब्याचा नियम मोडतो तो बहुतेक वेळा परत देताना. काम करताना एक्सेप्शन आलं आणि परत देण्याची ओळ चुकली, तर वस्तू गळते. ती ओळ फायनली ब्लॉकमध्येच असली पाहिजे, याला अपवाद नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे परत देऊनही संदर्भ हातात ठेवणं. वस्तू पुलात गेली, दुसऱ्या थ्रेडने घेतली, आणि पहिला अजून तिच्यावर लिहितो आहे. काट्यावरच्या पावतीचाच दोष परत आला, फक्त आता तो पुलाच्या आड लपलेला आहे. एकच वस्तू दोनदा परत करणं हाही त्याच जातीचा घोळ. कॉमन्स पूल दुसऱ्या वेळी एक्सेप्शन फेकतो, हाताने लिहिलेला पूल मात्र तीच वस्तू दोघांना देऊन मोकळा होतो. आणि निजवताना स्थिती पुसणं विसरलं तर मागच्या शेतकऱ्याचा कोड पुढच्याच्या बिलात उतरू शकतो. जावाच्या एक्सएमएल वाचणाऱ्या डॉक्युमेंटबिल्डरला यासाठीच रीसेट मेथड दिलेली आहे.

पूल केवढा असावा, हा प्रश्न प्रत्येक प्रकल्पात अंदाजाने सोडवला जातो, तो गणिताने सुटतो. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे, दर सेकंदाला येणाऱ्या मागण्या गुणिले प्रत्येक मागणी वस्तू धरून ठेवते तो वेळ, एवढ्या वस्तू सरासरीने वापरात असतात. सेकंदाला 40 रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येक 50 मिलिसेकंद डेटाबेस कनेक्शन धरते, तर सरासरी 2 कनेक्शन वापरात राहतील. गर्दीचा चढउतार धरून 6 ठेवली तरी पुष्कळ झाली. पण इंडेक्स नसल्यामुळे तीच क्वेरी 500 मिलिसेकंद घ्यायला लागली तर 20 लागतील. पूल संपल्याची तक्रार आली की लोक पूल वाढवतात. खरं तर आधी धरून ठेवण्याचा वेळ तपासायला हवा. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उघडतं आणि मूळ सेटिंगमध्ये 100 कनेक्शनवर थांबतं, त्यामुळे पूल वाढवत नेण्यालाही अंत आहे.

अडकण्याचा एक प्रकार तर पुलाच्या आकारातूनच जन्मतो. हिकारी हा कनेक्शन पूल, जो 2018 च्या स्प्रिंग बूट 2 पासून आपोआप येतो, मूळ सेटिंगमध्ये 10 कनेक्शन ठेवतो. समजा प्रत्येक रिक्वेस्टला दोन कनेक्शन लागतात, एक नोंदीसाठी आणि ती धरलेली असतानाच दुसरं ऑडिटसाठी. 10 थ्रेड एकदम आले, प्रत्येकाने एकेक घेतलं, आणि आता दहाही जण दुसऱ्याची वाट पाहत आहेत. कुणीच सोडणार नाही. 30 सेकंदांनी टाइमआउट होऊन सगळे हात हलवत परत जातात. 11 कनेक्शन असती तर कुणा एकाचं काम पूर्ण झालं असतं आणि गाठ सुटली असती. त्याहून बरं म्हणजे एका रिक्वेस्टने दोन कनेक्शन धरूच नयेत.

कशाचा पूल करू नये, याबद्दल माझं मत ठाम आहे. साध्या छोट्या ऑब्जेक्टचा कधीच नाही. नव्वदच्या दशकात जावाचा गार्बेज कलेक्टर मंद होता आणि तेव्हा लोकांनी स्ट्रिंगबफरपासून सगळ्याचे पूल बांधले. जोशुआ ब्लॉक यांनी 2001 च्या 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकातच सावध केलं की फार जड वस्तू सोडून पूल करू नका, आणि डेटाबेस कनेक्शन हे योग्य उदाहरण म्हणून दिलं. जावाचे जाणकार ब्रायन गेट्झ यांनीही पुढे हेच मांडलं: आजच्या जेव्हीएममध्ये छोटा ऑब्जेक्ट बनवणं इतकं स्वस्त आहे की पुलाचं कुलूपच महाग पडतं. डेटाबेस कनेक्शनचा पूल हवाच. तिथे नेटवर्कचा हात मिळवणं आहे, पासवर्डची तपासणी आहे, पलीकडे प्रोसेस उघडणं आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या जावा 21 ने या विषयाला नवं वळण दिलं. त्यात आलेले व्हर्च्युअल थ्रेड इतके हलके आहेत की त्यांचा पूल करू नका, असं जावाचे कर्तेच सांगतात. एका ॲप्लिकेशनमध्ये लाखभर थ्रेड चालू शकतात. अशा वेळी थ्रेडलोकलमध्ये महाग वस्तू साठवणं म्हणजे लाखभर प्रती करणं. त्यामुळे मोजक्या वस्तूंच्या पुलाचं महत्त्व उलट वाढलं आहे, आणि नुसती संख्या मर्यादित ठेवायची असेल तर सेमाफोर पुरतो.

ही पुस्तिका मराठीत का, तेही सांगतो. कुंडलच्या शेजारी 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. यंत्र आणि मराठी वाचन या मातीत शंभर वर्षांपूर्वी एकत्र नांदलेली आहेत. आज पलूस, कडेगाव, तासगाव, खानापूरची मुलंमुली सांगलीच्या वालचंदमध्ये, साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमध्ये शिकतात आणि पुण्याला नोकरीला जातात. कोड ती इंग्रजीत लिहितात, पण अडलेला बग शेजारच्याला समजावतात तो मराठीतच. थ्रेड, लॉक, पूल हे शब्द आता त्यांच्या मराठीतले आहेत, आणि या पुस्तिकेने ते तसेच ठेवले आहेत. कमी आहे ती नीट, सावकाश, उदाहरणासकट समजावून सांगणाऱ्या मजकुराची. ज्या पिढीच्या हातून साखर कारखान्यांची, पतसंस्थांची, बाजार समित्यांची सॉफ्टवेअर लिहिली जाणार आहेत, तिला हे आपल्या भाषेत मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पुढची प्रकरणं वाचताना शेजारी कॉम्प्युटर असू द्या. पण त्याआधी एक काम करा. तुम्ही सध्या ज्या प्रकल्पावर आहात त्याच्या कोडमध्ये स्टॅटिक सिंपलडेटफॉरमॅट शोधा. सापडला तर तो काढून त्या जागी डेटटाइमफॉरमॅटर बसवा, आणि मगच पहिलं प्रकरण उघडा.